कम्प्युटर सारखा हँग होते, सुरू व्हायला पंधरा मिनिटं लागतात. हार्डडिस्क गेली की बोर्ड?

बचतगट_आर्णी

नमस्कार. मोबाइलवरून टाइप करून राहिले आहे, चुका झाल्या तर समजून घ्या.

आमच्या घरी २०१६ च्या दिवाळीत यवतमाळवरून आणलेला असेंबल कम्प्युटर आहे. आय३ चौथी जनरेशनचा प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम म्हणजे २-२ च्या दोन पट्ट्या, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. संक्रांतीपासून त्याचं काहीतरी बिघडलं आहे. बटन दाबलं की डेस्कटॉप यायला पंधरा मिनिटं लागतात. एक्सेल उघडून दोन आकडे टाकले की हँग. माऊसचा बाण फिरते पण कुठंच क्लिक होत नाही, समोरचा लाल लाईट लागूनच राहते, अन् मिनिटभरानं आपोआप सुटते. कधीकधी मात्र बाणही हलत नाही, स्क्रीन जशीच्या तशी राहते, मग बटन दाबून धरून बंदच करावा लागते. आतून मधातच कट् असा आवाज येते, रोज नाही, पण येते. आणखी एक म्हणजे लाईन गेली की तारीख मागं जाते, एकदा तर २०१४ दाखवत होता, अन् तेव्हा नेटवर काहीच उघडत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणते. डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात, ते तर पहिल्यापासूनच आहे.

तालुक्याला एका दुकानात नेला. त्यांनी उघडून न पाहताच सांगितलं की बोर्ड गेला असेल, फॉरमॅट मारून पाहू, नाही तर नवीन घ्या, डेटा राहणार नाही. मी तसाच परत आणला.

त्याच्यात आमच्या बचत गटाचा आठ वर्षांचा हिशोब आहे. अकरा जणी आहोत, कोणी किती कर्ज घेतलं, किती फेडलं, व्याज किती, सगळं. वही आहे पण दोन वर्षांच्या वह्या पावसाळ्यात छत गळलं तेव्हा भिजल्या, त्या वर्षांचं फक्त कम्प्युटरमध्येच आहे. आणि आमचे मामाजी, म्हणजे सासरे, दोन वर्षांपूर्वी गेले, त्यांचे वावरातले, पोळ्याचे, नातीसोबतचे सगळे फोटो त्याच्यातच आहेत. सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे, म्हणजे सी फॉरमॅट केला तरी ते सेफ राहील ना? कोणी नीट सांगाल का, मला खरंच झोप नाही.

पवनीचा_पोरगा

ताई ४ जीबीमध्ये विंडोज १० असंच चालते, त्यात नवल नाही. रॅम ८ करून घ्या, टेम्प फाइल उडवा, आणि कमांडमध्ये जाऊन चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासायची कमांड, मारा स्लॅश आर लावून, रात्रभर चालू द्या, सकाळी नीट होऊन जाते. माझ्या भावाचा असाच झाला होता.

खामगाव_दुरुस्ती

ताई, आधी थांबा. चेकडिस्क नका मारू, फॉरमॅट तर अजिबातच नको. पवनीवाले भाऊ, तुमचा सल्ला चांगल्या डिस्कसाठी ठीक आहे, पण इथे डिस्कचा लाल लाईट लागून राहणं आणि कट् आवाज या दोन्ही गोष्टी ताईंनी लिहिल्या आहेत. स्लॅश आर लावलं की ते अख्ख्या डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचते. मरायला टेकलेल्या डिस्कला रात्रभर असं पळवलं तर सकाळी ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवरसुद्धा दिसत नाही, हे मी माझ्या टेबलावर किती वेळा पाहिलं आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर पहिले देतो. सी आणि डी या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. एकाच वावरात मधात धुरा घातला तर दोन पट्ट्या होतात, पण जमीन एकच राहते ना, पूर आला तर दोन्हीकडं पाणी. डिस्क गेली की सी पण गेला, डी पण गेला. आणि दुसरी गोष्ट, तुम्ही म्हणता सगळं डीमध्ये आहे, पण डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइल, डाउनलोड, माय डॉक्युमेंट हे सगळं सीमध्ये असते. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या पाच जणांना हे माहीत नसते आणि सी फॉरमॅट झाल्यावर डोकं धरून बसतात.

आता तुमच्या लिहिण्यातून मला जे दिसते ते सांगतो. तुमचे हँग दोन प्रकारचे आहेत आणि तुम्ही ते वेगवेगळे लिहिले ते फार चांगलं केलं, बहुतेक लोक नुसतं हँग होते एवढंच सांगतात. बाण फिरते पण काही उघडत नाही आणि लाईट लागून आहे, म्हणजे प्रोसेसर, रॅम जिवंत आहे, तो डिस्ककडून उत्तराची वाट पाहून राहिला आहे. डिस्क एखादा खराब सेक्टर, म्हणजे तिच्यावरचा एक बारका कप्पा, पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, वाचला की सुटते. पण बाणच थांबला, कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागत-विझत नाही, म्हणजे सगळंच थिजलं. ते डिस्कमुळं क्वचितच होते. तिथं रॅम, गरमी, एसएमपीएस म्हणजे डब्यातला पॉवर सप्लाय, नाही तर बोर्ड पाहावा लागते. म्हणजे तुमच्याकडं एक नाही, दोन आजार असू शकतात आणि एक बरा झाला की दुसरा उरतो, ते ध्यानात ठेवा.

तारीख मागं जाणं हा तिसरा आणि एकदम किरकोळ. बोर्डवर नाण्यासारखा सेल असते, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. तो संपला. कोणत्याही घड्याळवाल्याकडं मिळते. तारीख चुकली की वेबसाइटचं सर्टिफिकेट जुळत नाही म्हणून नेट उघडत नाही, नेट खराब नाही.

फक्त एक तपासणी करा, तीपण पाच मिनिटांत. तारीख नीट करून क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवा, उघडा, आणि त्यात ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळींसमोर शेवटी काय लिहिलं आहे त्याचा मोबाइलनं फोटो काढा. मग बंद करून ठेवा. चालू ठेवून बघत बसू नका, प्रत्येक तास डिस्कच्या आयुष्यातून जाते.

वरोरा_मास्तर

खामगाववाल्या भाऊंचं शंभर टक्के ऐका. मी शिक्षक आहे. २०२१ मध्ये माझ्या लॅपटॉपची डिस्क असाच आवाज करत होती आणि मी ती महिनाभर तशीच वापरली, कारण निकालपत्रकं करायची होती आणि रोज वाटायचं की रविवारी कॉपी करू. रविवार आला त्याच्या आदल्या शुक्रवारी ती फिरायचीच थांबली. माझ्या आईचा आवाज होता त्याच्यात, जात्यावरच्या ओव्या मी तिच्याकडून म्हणवून घेऊन रेकॉर्ड केल्या होत्या, चाळीसेक असतील. डेटा काढून देणाऱ्यांकडं पाठवली, त्यांनी सांगितलं डिस्क वाचणारं हेड आतल्या प्लेटवर घासलं आहे, तिथून काही येणार नाही. आई त्याआधीच गेली होती.

तुमच्या मामाजींचे फोटो आहेत म्हणून लिहून राहिलो. आजच करा. उद्या नको.

एक आणखी. तुमच्या गटाची पत्रं, ठराव जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील तर, श्रीलिपी, शिवाजी वगैरे, तर त्या फाइलसोबत विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून तो फॉन्टही कॉपी करून घ्या. नाही तर फाइल वाचेल पण उघडल्यावर सगळी इंग्रजी अक्षरं आणि खुणा दिसतील आणि वाटेल फाइलच खराब झाली. आमच्या शाळेत हे झालं आहे.

बचतगट_आर्णी

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. मास्तर, तुमचं वाचून रात्री डोळ्यात पाणी आलं.

पाहिलं. वर पिवळ्या रंगात कॉशन लिहून येते. ०५ समोर शेवटी २एफ०, सी५ समोर १ए८, सी६ समोर पण १ए८, सी७ समोर सगळे शून्य. तापमान ५३ दाखवते. आकड्यात एफ आणि ए कसे आले ते समजलं नाही. बंद करून वायर काढून ठेवला आहे.

खामगाव_दुरुस्ती

ते आकडे हेक्समध्ये आहेत, सोळाच्या हिशोबात. २एफ० म्हणजे आपले ७५२ आणि १ए८ म्हणजे ४२४.

०५ म्हणजे डिस्कनं स्वतःहून बाद केलेले आणि राखीव जागेवर हलवलेले सेक्टर, ते ७५२ झाले. सी५ म्हणजे वाचता येत नाहीत आणि अजून निकाल लागलेला नाही असे, ते ४२४. तुम्ही एक्सेल उघडता तेव्हा यातल्याच एखाद्यावर जाऊन ती अडकते. सी७ शून्य आहे म्हणजे केबलची चूक दिसत नाही, नाही तर मी आधी डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल बदलायला लावली असती. दोन-चार सेक्टर असते तर म्हटलं असतं लक्ष ठेवा. इतके म्हणजे डिस्क गेली समजा. तुम्ही बोर्ड टाकून नवीन कम्प्युटर घेतला असता अन् मूळ दुखणं घरीच राहिलं असतं, किंवा त्याच डिस्कवर फॉरमॅट मारून आठ दिवस चालला असता.

५३ पण जास्तच आहे. मार्चमध्ये ५३ तर मे महिन्यात काय होईल. कम्प्युटर कुठं ठेवला आहे? मागं भिंत आहे का?

आता डेटा कसा काढायचा. या डिस्कवरून विंडोज सुरू करूच नका, कारण विंडोज सुरू होतानाच हजारो लहान फाइल वाचते-लिहिते, तेवढी ताकद आपल्याला फोटोंसाठी वाचवायची आहे. गावात सेवा केंद्र असेल किंवा कोणाकडं दुसरा डेस्कटॉप असेल तर त्याच्यात ही डिस्क दुसरी म्हणून लावा. दोन्ही कम्प्युटर बंद करून, प्लग काढून, साटा केबल आणि पॉवरची पिन. यूएसबीवाली केबल घ्यायची असेल तर दुकानदाराला साडेतीन इंची डिस्क आहे हे सांगा, कारण लॅपटॉपच्या डिस्कसाठीची केबल फक्त ५ व्होल्ट देते आणि मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ती फिरणारच नाही आणि तुम्हाला वाटेल डिस्क मेली. त्या केबलसोबत वेगळा अडॅप्टर येते तीच घ्या.

सुरू होताना डिस्क तपासू का असं विचारलं तर कळ दाबून नाही म्हणा. फॉरमॅट करायची का विचारलं तर कॅन्सल. जमलं तर पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी फुकट सिस्टीम, टाकून त्यातून कॉपी करा, ते जास्त बरं, युजरच्या फोल्डरला परमिशन मागत बसत नाही. तुमचं विंडोज नीट बंद झालेलं नसेल तर लिनक्स ती डिस्क फक्त वाचायलाच उघडते, लिहू देत नाही, ते आपल्या फायद्याचंच आहे.

सगळं सिलेक्ट करून एकदम कॉपी करू नका, ही चूक सगळे करतात. एका खराब फाइलवर अडकते आणि मागची चांगली हजार फाइल तशीच राहते. पहिले एक्सेल, ते लहान असते, दोन मिनिटांत निघते. मग मामाजींचे फोटो, एकेक फोल्डर. मग घरचे बाकी फोटो. लग्नाचे व्हिडिओ सगळ्यात शेवटी, ते मोठे असतात आणि त्यांची दुसरी कॉपी पाहुण्यांकडं सापडते. एखादं फोल्डर अडलं तर सोडून पुढं जा, मागून परत या. बाजूला टेबल फॅन लावून डिस्कवर हवा येऊ द्या. आणि कट्-कट् एकसारखं सुरू झालं तर तिथंच बंद करा, जिद्द करू नका.

अडलेल्या फाइलसाठी नंतर डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते आधी सोपा भाग काढून घेते आणि खराब जागा शेवटी खरवडते, कुठवर आलं ते लिहून ठेवते म्हणून मधात लाईन गेली तरी पुन्हा तिथूनच सुरू करता येते. पण ते नंतर.

वायरमन_आर्वी

ताई, त्या झिणझिण्याच्या गोष्टीवर कोनीच बोललं नाही म्हनून मी लिहून रायलो. मी वायरमनचं काम करतो, कम्प्युटरचं मले जास्त समजत नाही पन ह्या डब्याले हात लागल्यावर झिणझिण्या येतात ते मले पक्कं मालूम आहे. तुमच्या घरी अर्थिंग नाही, नाही त तार तुटली आहे.

एसएमपीएसच्या आत दोन बारके कपॅसिटर राहतात, एक फेजवरून बॉडीले अन् एक न्यूट्रलवरून बॉडीले. ते आतला कचरा अर्थमधी सोडाले असतात. अर्थच नसन त ते कुठं सोडन? मंग बॉडीवर २३० चा अर्धा, म्हंजे ११५ च्या आसपास व्होल्टेज येऊन बसते. करंट लय कमी राहते म्हनून नुसती झिणझिणी येते. पन एखाद्या दिवशी आत खरोखरच वायर लागली न, त तेच पुरं २३० बॉडीवर येन अन् अर्थ नसल्यानं फ्यूज बी जानार नाही. घरी लेकरू आहे. हे पयले करा, कम्प्युटर मांगून.

नुसती तीन पिनची पिन पाहून राजी नका होऊ. लय घरी बोर्डात तिसरं भोक राहते पन मांगं तारच नसते. वायरमनले बोलावून फेज अन् अर्थच्या मधात टेस्ट लॅम्प लावून पाहाले लावा, १०० चा पिवळा दिवा पुरा लख्ख पेटला त अर्थिंग बरं, मिणमिण पेटला त कामाचं नाही. घरी ईएलसीबी, म्हंजे करंट गळला की लाईन तोडनारी पेटी, असन त ती पडन, ते बी अर्थ असल्याचंच लक्षन. स्वतः नका करू हे.

आपली जमीन काळी आहे. पावसाळ्यात अर्थिंग झकास राहते, उन्हाळ्यात मातीले भेगा पडतात अन् खड्ड्यातल्या अर्थिंगच्या पाटीजवळची ओल सुकते, मंग तेच अर्थिंग उन्हाळ्यात काहीच काम करत नाही. खड्ड्यात कोळसा अन् मीठ टाकतात ते ओल धरून ठेवाले. वरून पाइप सोडून मार्च ते जून आठवड्यातून एक बालटी पानी टाकत जा.

अन् संध्याकाळी तुमच्याकडं दिवे कमी-जास्त होतात का? कधी एकदम लख्ख अन् कधी मंद? तसं होत असन त डीपीवर न्यूट्रल ढिला आहे. न्यूट्रल सुटला की एका घरी १५० येते अन् शेजारच्या घरी ३०० च्या वर जाते, त्याच्यात टीव्ही, मोटर, कम्प्युटर सगळं जळते. असं दिसलं की मेन बंद करा अन् लाईनमनले फोन करा.

खामगाव_दुरुस्ती

वायरमन भाऊ, हे मी लिहायलाच पाहिजे होतं. ताई, डिस्क जाण्यामागं हेही असू शकते. फिरत्या डिस्कची लाईन अचानक गेली की तिचं हेड घाईघाईनं बाजूला जाऊन बसते, दिवसातून तीनदा असं नऊ वर्षं झालं तर काय होणार. यूपीएस आहे का?

बचतगट_आर्णी

यूपीएस आहे पण त्याची बॅटरी कधीचीच गेली, लाईन गेली की सोबतच बंद होते. दिवे कमी-जास्त होत नाहीत, ते ठीक आहे. कम्प्युटर बैठकीत भिंतीला लावून आहे आणि बैठकीतच कापूस भरून ठेवला आहे, भाव वाढेल म्हणून अजून विकला नाही.

खामगाव_दुरुस्ती

कापूस! मग मला डबा न उघडताच आतलं दिसून राहिलं. डेटा निघाल्यावर डबा आंगणात नेऊन उघडा, प्रोसेसरवरचा पंखा काढा आणि त्याच्याखाली पाहा.

बचतगट_आर्णी

आठ दिवसांनी लिहून राहिले, उशीर झाला, मुलीचे बारावीचे पेपर होते.

गावातल्या सेवा केंद्राच्या मुलाकडं डिस्क नेली. त्यानं मिंटचा पेन ड्राइव्ह केला आणि तुम्ही सांगितलं तसंच एकेक फोल्डर कॉपी केलं, दोन रात्री लागल्या कारण दिवसा त्याचं काम असते. मी बाजूला बसून होते टेबल फॅन घेऊन. गटाच्या सगळ्या एक्सेल निघाल्या, फक्त २०१९ ची एक फाइल अर्ध्यावर अडली, पण ती मी तेव्हा बँकेला मेल केली होती हे मुलीला आठवलं आणि मेलमध्ये सेंटमध्ये जशीच्या तशी सापडली. मामाजींचे फोटो ३४० होते, त्यातले अकरा उघडत नाहीत, काही अर्धे दिसतात आणि खालचा भाग राखाडी. बाकी सगळे आले. पोळ्याचा बैलजोडीसोबतचा आला. मी तिथंच रडले. लग्नाचा एक व्हिडिओ नाही निघाला, तो नणंदेकडं आहे. डेस्कटॉपवर पण ठरावांच्या फाइल होत्या ज्या मी विसरूनच गेली होती, तुम्ही सीचं सांगितलं नसतं तर गेल्या असत्या. फॉन्टही घेतला मास्तर.

पंखा काढला. खाली कापसाची गादीच होती, बोटभर जाड, त्याच्यात धूळ मिसळून पार नमद्यासारखी झालेली, हवा जायला जागाच नव्हती. ब्रशनं काढलं, पंखा बोटानं धरून साफ केला, प्रोसेसर थंड ठेवणारी जुनी पेस्ट पुसून नवीन लावली. सेल बदलला. यवतमाळवरून २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी फास्ट डिस्क, आणली आणि विंडोज नव्यानं टाकलं. आता तीस सेकंदात सुरू होते, आम्हाला सगळ्यांना विश्वास बसत नव्हता.

पण काल पुन्हा हँग झाला. बाण थांबला, कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही. आज सकाळी पुन्हा. आता डिस्क तर नवीन आहे, मग काय राहिलं? का खरंच बोर्ड?

खामगाव_दुरुस्ती

हा तो दुसरा आजार. घाबरू नका, बोर्डावर सगळ्यात शेवटी जायचं.

सोपं आधी. प्लग काढा, डब्याच्या पत्र्याला हात लावून घ्या, दोन्ही रॅमच्या पट्ट्या काढा आणि त्यांच्या सोनेरी दातांवर पांढऱ्या खोडरबरानं हलकेच घासा, चुरा झटकून घट्ट बसवा, दोन्ही बाजूच्या क्लिपा टक् वाजल्या पाहिजेत. मग पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६प्लस हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर टाकून रात्रभर चालवा. हे चालवायला हरकत नाही, याच्यात डिस्कला काही होत नाही. लाल ओळी आल्या की रॅम. मग एकेक पट्टी लावून वेगवेगळी चालवा, म्हणजे कोणती ते कळेल, आणि खराब वाटली ती दुसऱ्या खाचेत लावूनही पाहा, कारण कधी पट्टी चांगली असते आणि खाच खराब असते. एक चांगलं झालं की तुम्ही कॉपी दुसऱ्या कम्प्युटरवर केली. खराब रॅममधून कॉपी केली असती तर फाइल न सांगता बिघडतात, महिन्यांनी कळते.

रॅम चांगली निघाली तर मग एसएमपीएस. कोणाकडून चांगला आणून लावून पाहायचा. १२ व्होल्टची पिवळी तार चालू कम्प्युटरवर ११.४ ते १२.६ च्या मधात पाहिजे. आणि बोर्डवरचे उभे डबीसारखे कपॅसिटर, त्यांची डोकी फुगलेली आहेत का तेवढं पाहून घ्या.

पवनीचा_पोरगा

ताई मी पहिले चेकडिस्क सांगितलं होतं ते चुकीचं होतं, बरं झालं तुम्ही केलं नाही. मला खरंच माहीत नव्हतं. रॅमबद्दल सांगतो, डीडीआर३ घ्या, डीडीआर४ बसत नाही त्या बोर्डात, आणि एकच ४ ची पट्टी घ्या म्हणजे चांगली असलेली २ ची सोबत राहील आणि ६ होतील.

बचतगट_आर्णी

रॅमच निघाली. दुसऱ्या खाचेतली पट्टी, वीस मिनिटांतच लाल ओळी, दुसरीकडं लावली तरी तिच्यावरच. पहिली रात्रभर चालली, एकही चूक नाही. पवनीवाले भाऊ, जुनी ४ ची डीडीआर३ पट्टी मिळाली, आता ६ आहेत. बारा दिवस झाले, एकदाही हँग नाही. तुमचं मनावर घेऊ नका, तुम्हीही मदतच करत होता.

वायरमन भाऊंचं पण केलं. आमच्या बोर्डात तिसऱ्या भोकामागं तारच नव्हती, नऊ वर्षांत कोणालाच माहीत नव्हतं. यांनी आंगणात खड्डा करून अर्थिंग घातलं, आता डब्याला हात लागला तरी काहीच नाही. फ्रिजला पण यायच्या झिणझिण्या, त्याही गेल्या. यूपीएसची बॅटरी टाकली. कम्प्युटर आतल्या खोलीत हलवला.

दोन प्रश्न राहिले. विंडोज १० चे अपडेट बंद झाले म्हणतात, मग ११ टाकू का? आणि ती जुनी हार्डडिस्क भंगारवाला मागून राहिला, देऊन टाकू?

खामगाव_दुरुस्ती

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं. ११ तुमच्या चौथ्या जनरेशनवर मायक्रोसॉफ्ट देत नाही, इंटेलमध्ये आठव्या जनरेशनपासून पुढं लागते. जुगाड करून टाकतात लोक, पण गटाच्या हिशोबाच्या मशीनवर मी नाही टाकणार. तुम्ही मिंट पाहिलंच आहे, एसएसडीवर तेच टाका, त्यात लिब्रेऑफिस असते, तुमच्या एक्सेलच्या फाइल उघडतात, मराठी युनिकोड टाइप होते. जुन्या फॉन्टचं जे टाइपिंग आहे त्याच्यासाठी एखादा महिना विंडोज ठेवून हळूहळू युनिकोडमध्ये करून घ्या. पण त्याआधी जी कॉपी केली आहे तिची आणखी एक कॉपी करा आणि ती तुमच्या घरी नको, गटाच्या अध्यक्षबाईंच्या घरी ठेवा, दर महिन्याच्या बैठकीला नवीन करत जा.

डिस्क भंगारात नका देऊ. एक तर त्यात अकरा जणींचे आधार नंबर आणि खाते नंबर असतील. आणि त्यातले अकरा फोटो अजून बाकी आहेत. कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून कपाटात कोरड्या जागी ठेवा. त्या सेवा केंद्राच्या मुलाला सवड झाली की डीडीरेस्क्यू लावायला सांगा, मी त्याला फोनवर सांगतो कसं करायचं ते. अकराच्या अकरा नाही येणार, पण अर्धे राखाडी आहेत त्यातले तीन-चार तरी येऊ शकतात.

बचतगट_आर्णी

ठेवली. मामाजींच्या फेट्याच्या पेटीत ठेवली आहे. त्या मुलाला रविवारी वेळ आहे म्हणाला.